हिशेब हा त्याचाही हक्क आहे



शिक्षणाविषयी आपल्या घराघरांतून आज जेवढे बोलले जाते तेवढे दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलले जात नसेल. मुलगा पदवीधर झाला, मुलगी परिचारिका झाली, पुतण्या वकिलीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, की त्या वार्ता आपण अभिमानाने एकमेकांस सांगतो. सांगाव्यातच. परंतु या सर्व वार्तांच्या आड एक मूल उभे असते, आणि त्याच्याविषयी कोणी विचारले तर आपण विषय बदलतो. वयाच्या मानाने त्याची समज कमी असते. त्यास अक्षरे उशिरा येतात, आकडे त्याहून उशिरा येतात. शाळेत ते एक-दोन इयत्ता ढकलले जाते आणि मग घरी बसते. "याला काय कळतंय?" हे एकच वाक्य त्याच्या आयुष्याचा निकाल ठरते.

या निकालाविरुद्ध अपील करावे म्हणून हा लेख लिहीत आहे. सगळ्या शिक्षणाविषयी न बोलता एकाच गोष्टीविषयी बोलतो, ती म्हणजे गणित. गणितातही पाढे पाठ करणे नव्हे, तर उदाहरण सोडविणे. प्रसंग ऐकणे, त्यात काय घडले ते ओळखणे, बेरीज करावी की वजाबाकी हे ठरविणे आणि उत्तर जमते का ते ताडून पाहणे, एवढ्यास मी उदाहरण सोडविणे म्हणतो. हे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास शिकविता येते, शिकविले पाहिजे, आणि न शिकविणे हा त्याच्या हक्कावर घाला आहे, असे माझे मत आहे.

कायद्याची व्याख्या काय सांगते?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात २१ प्रकारच्या अक्षमता नमूद आहेत. त्यांत बौद्धिक अक्षमतेची व्याख्या करताना कायद्याने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, विचार करणे, शिकणे आणि प्रश्न सोडविणे यांत लक्षणीय मर्यादा असणे. दुसरी, रोजच्या व्यवहारात व समाजात वावरताना लागणाऱ्या कौशल्यांत मर्यादा असणे.

या व्याख्येकडे नीट पहा. प्रश्न सोडविणे हीच ज्याची अडचण आहे, त्यास प्रश्न सोडविणेच शिकवायचे नाही, ही कोणती रीत? ज्याची दृष्टी अधू आहे त्यास आपण चष्मा देतो. ज्याचा पाय अधू आहे त्यास चालण्याचा सराव देतो. मग ज्याची हिशेबाची समज अधू आहे त्यासच तेवढे हिशेबापासून दूर का ठेवतो? मर्यादा आहे असे कायदा म्हणतो. अशक्य आहे असे तो कोठेही म्हणत नाही.

अंगठ्याचा जुना अनुभव

हिशेब न येण्याची किंमत काय असते, हे आपल्या समाजास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे न कळता आपल्या आजा-पणजांनी अंगठे उठविले. मुद्दल किती, व्याज किती, फेडले किती, हे विचारण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते, आणि ते साधन समाजव्यवस्थेने जाणूनबुजून हाती येऊ दिले नव्हते.

आता चेणे गावाकडे पहा. घोडबंदर रस्त्यावरील हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येते. एका अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान, दुसऱ्या अंगास वसईची खाडी, आणि मधून रात्रंदिवस वाहणारा रस्ता. येथे आदिवासी पाडे आहेत, जुनी कष्टकरी घरे आहेत, आणि भोवती मुंबई-ठाण्याची वस्ती वाढत येत आहे. अशा ठिकाणी जमिनीच्या तुकड्यास किंमत येते आणि किमतीबरोबर कागद येतात. वाटणीचा कागद, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र. घरात समज कमी असलेला भाऊ किंवा बहीण असेल तर तिची सही सर्वांत स्वस्त समजली जाते. वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे हे मी सांगतो आहे. सही घेणारा बहुधा परका नसतो, ही त्यातील अधिक दुःखाची गोष्ट होय.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? २०१६ च्या कायद्याचे १३ वे कलम सांगते की, दिव्यांग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा, ती वारसाने मिळविण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार आपल्या हाती ठेवण्याचा हक्क आहे. १४ वे कलम मर्यादित पालकत्वाची तरतूद करते. म्हणजे पालकाने परस्पर सर्व ठरवू नये, त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, परस्पर विश्वासाने निर्णय घ्यावा. दुसरीकडे १८७२ चा करार कायदा विचारतो की, करार करतेवेळी त्या माणसास त्या कराराचा अर्थ कळत होता काय, आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे त्यास ठरविता येत होते काय?

ही कलमे एकत्र वाचली म्हणजे गणिताच्या तासाचे महत्त्व ध्यानात येते. ज्यास शंभरातून चाळीस गेले तर किती उरतात हे कळते, त्याचा १३ व्या कलमाचा हक्क जिवंत राहतो. ज्यास ते कधी शिकविलेच नाही, त्याचा हक्क कागदावर राहतो आणि व्यवहार दुसऱ्याच्या हातात जातो. प्रत्येक मूल स्वतंत्रपणे सर्व व्यवहार करील असे मी म्हणत नाही. काहींना आयुष्यभर आधार लागेल. परंतु आधार देणे आणि त्याच्या वतीने परस्पर ठरविणे यांत फार अंतर आहे, आणि त्या मुलास जेवढा हिशेब येईल तेवढे हे अंतर राखले जाईल.

शिकविता येते काय?

"येते" असे नुसते म्हणून चालणार नाही. कसे येते ते सांगितले पाहिजे.

मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी जी शाळा सुरू केली, तीच पुढे शिवडीची जय वकील शाळा म्हणून नावारूपास आली. सिकंदराबाद येथे १९८४ साली केंद्र शासनाने या विषयासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. म्हणजे आपल्या देशातही हे काम नवे नाही. तथापि बराच काळ अशा शाळांतून गणित म्हणजे आकडे गिरविणे, वस्तू मोजणे आणि नाणी ओळखणे एवढेच मानले जात असे. उदाहरण सोडविणे ही पुढची पायरी या मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे, अशी समजूत होती.

अलीकडच्या दोन-तीन दशकांतील संशोधनाने या समजुतीस धक्का दिला. अमेरिकेत आशा जितेंद्र या विदुषीने शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठी उदाहरणांचे साचे ओळखून शिकविण्याची पद्धत विकसित करण्यात मोठा वाटा उचलला. पुढे डायन ब्राउडर, फ्रेड स्पूनर, ॲलिशिया साँडर्स, जेनी रूट आदी संशोधकांनी तीच पद्धत मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी सुलभ केली, आणि ती मुले उदाहरणे सोडवू लागली.

या पद्धतीचे मर्म समजण्यास पदवीची आवश्यकता नाही. बेरीज-वजाबाकीची बहुतेक उदाहरणे तीन साच्यांत बसतात. पहिला साचा बदलाचा : डब्यात ५ लाडू होते, २ खाल्ले, किती राहिले? दुसरा गटाचा : ४ केळी आणि ३ पेरू, मिळून फळे किती? तिसरा तुलनेचा : एकीकडे ८ मणी, दुसरीकडे ५, फरक किती? प्रत्येक साच्यासाठी कागदावर एक चित्र काढावयाचे. बदलासाठी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाणारा बाण; गटासाठी दोन लहान चौकटी आणि त्यांना सामावणारी एक मोठी चौकट; तुलनेसाठी एकाखाली एक दोन पट्ट्या. मुलाने प्रसंग ऐकावा, तो स्वतःच्या शब्दांत सांगावा, कोणते चित्र लागू पडते ते निवडावे, चित्रावर चिंचोके ठेवावेत, मोजावे आणि शेवटी आकड्यांत लिहावे. या पायऱ्या चित्रांसह एका पुठ्ठ्यावर लावून ठेवावयाच्या, आणि एक पायरी झाली की मुलाने तिच्यापुढे खूण करावयाची. वाचता येत नसेल तर उदाहरण मोठ्याने वाचून दाखवावे. परीक्षा हिशेबाची आहे, वाचनाची नव्हे.

त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. आधी हाताने हलविता येतील अशा वस्तू, मग कागदावरील चित्र, आणि त्यानंतर आकडा. आपल्या शाळांतून बहुधा आकड्यापासूनच आरंभ होतो, आणि जे मूल तेथे अडखळते त्यास आपण मंद म्हणतो.

शब्दांचा सापळा

येथे एका चुकीपासून सावध करणे अवश्य आहे. पुष्कळ शिक्षक आणि पालक मुलास सांगतात : "'एकूण' दिसले की बेरीज कर, 'उरले' दिसले की वजाबाकी कर." हा उपाय सोपा वाटतो, पण तो मुलास फसवितो. हे उदाहरण पहा : सुमनने ३ पेरू खाल्ले, आता ४ उरले आहेत, तर आधी किती होते? 'उरले' शब्द पाहून मूल ४ मधून ३ वजा करील आणि १ असे सांगेल. उत्तर ७ आहे. शब्दावर झडप घालण्याची सवय लागली की प्रसंग समजून घेण्याची सवय लागत नाही, आणि बाजारात तर कोणी 'एकूण' हा शब्द उच्चारून फसवीत नाही.

मराठीत दुसरीही एक अडचण आहे. आपण ३७ लिहिताना आधी ३ लिहितो, पण 'सदतीस' म्हणताना सात आधी उच्चारतो. 'एकोणतीस' म्हणताना तर तिसाचे नाव घेऊन एक कमी असे सुचवितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचनाची सोय केली गेली, तेव्हा केवढे वादळ उठले होते! मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारण समजावून सांगितले, तरी थट्टा थांबली नाही. मोठ्यांच्या अभिमानाचा प्रश्न बाजूस ठेवू. ज्या मुलास 'सदतीस' ऐकून ७३ लिहावेसे वाटते, त्याच्यासाठी 'तीस सात' ही पायरी म्हणजे पांगुळगाडा आहे. पांगुळगाड्याने चालल्यावर ते पुढे 'सदतीस'ही म्हणेल. न म्हणाले तरी ३७ रुपये किती हे त्यास कळेल, आणि आपणास तेच हवे आहे.

दुकानातील व्यवहारासाठी एक युक्ती विशेष उपयोगाची आहे. वस्तूची किंमत ३७ रुपये असेल तर मुलाने दहाच्या तीन नोटा मोजाव्यात आणि वर एक नोट जास्त द्यावी. "जेवढे दहा ऐकले त्याहून एक जास्त," एवढाच नियम. सुटे पैसे परत किती यावेत हा पुढचा धडा; परंतु पहिल्याच धड्याने ते मूल काजूपाड्याच्या दुकानातून साबण आणू शकते, हे थोडे नव्हे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आता भ्रमणध्वनीत गणकयंत्र आहे, मग हा खटाटोप कशास? गणकयंत्र बेरीज करते. परंतु येथे बेरीज करावी की वजाबाकी, हे ते सांगत नाही. ते माणसानेच ठरवावे लागते. म्हणून गणकयंत्र या मुलांना अवश्य द्या, पाढ्यांसाठी त्यांना अडवून धरू नका, पण निर्णय करण्यास शिकवा. जेथे बोटाच्या एका स्पर्शाने पैसे खात्यातून जातात तेथे तर हा निर्णय अधिकच जपून करावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की, हे सर्व पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, त्यास इलाज नाही. जुन्या धर्माची जी ओझी आपण खाली ठेवली, त्यांतील हे एक आहे. गेल्या जन्मीच्या पापाची कल्पना सांगूनच आपणास पिढ्यान्‌पिढ्या खाली बसविले गेले. ती कल्पना स्वतःविषयी नाकारावयाची आणि घरातील दुबळ्या मुलाविषयी मात्र जपून ठेवावयाची, हा न्याय नव्हे. बौद्ध परंपरेत चूळपंथक नावाच्या भिक्षूची कथा आहे. चार महिन्यांत त्यास एक गाथा पाठ होईना, तेव्हा थोरल्या भावानेच त्यास विहारातून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्यास परत बोलाविले, हातात एक शुभ्र वस्त्र दिले आणि ते चोळीत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, आणि जे गाथेने कळले नव्हते ते हातातील वस्तूने कळले. शिष्य बदलला नाही, शिकविण्याची रीत बदलली. चिंचोके आणि चौकटी यांचा अर्थ याहून वेगळा नाही.

तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाही, पण तोच सर्वांत प्रबळ आहे : आधी हुशार मुलांचे पाहू, उरल्यावर यांचे पाहू. हा युक्तिवाद आपण पूर्वी ऐकला आहे. इंग्रजी अमदानीत सरकारचे धोरण असे होते की, वरच्या वर्गांना शिकवावे, विद्या आपोआप खाली झिरपेल. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी या धोरणावर कठोर टीका केली. वरून विद्या झिरपली नाही. ती आपणास झगडून घ्यावी लागली. ज्यांनी हे भोगले, त्यांनीच आपल्या घरात तोच नियम चालवावा काय?

पालकांनी काय करावे?

प्रथम, मुलाचे अक्षमतेचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे. ४० टक्के वा अधिक अक्षमता प्रमाणित झाली असता ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क कलम ३१ ने दिला आहे. लाज वाटून प्रमाणपत्र न काढणे म्हणजे मुलाचा हक्क आपल्याच हाताने परत करणे होय.

दुसरे, शाळेने प्रवेश नाकारला तर नकार लेखी मागावा. कलम १६ अन्वये शासनाच्या निधीवर चालणाऱ्या वा शासनमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा आहे. "घरीच शिकवा" असे शाळेने सांगितले, तर तीव्र वा बहुविध अक्षमता असलेल्या मुलासाठी घरी शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला हे खरे. पण तो मुलाचा पर्याय आहे, शाळेची सुटका नव्हे. दाद लागली नाही तर पुण्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

तिसरे, शाळेस विचारावे की, या मुलासाठी विशेष शिक्षक कोण आहे? २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे यांच्या प्रकरणात विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करण्याचे निर्देश दिले आहेत. पालक विचारीत नाहीत तोवर निर्देश कागदावर राहतात. त्याचबरोबर मुलाचा स्वतंत्र शिक्षण आराखडा मागावा आणि त्यात गणिताखाली केवळ "१ ते १०० अंक" असे न लिहिता "प्रसंग ऐकून योग्य चित्र निवडणे" यासारखे उद्दिष्ट लिहवून घ्यावे.

चौथे, घरी रोज पंधरा मिनिटे द्यावीत. उदाहरण पुस्तकातील नको, घरातील हवे. ठाण्याच्या बसचे भाडे दोघांचे किती, भाकऱ्या ६ होत्या, ४ संपल्या, आजीसाठी किती राहिल्या. मुलाने चूक केली तर लगेच उत्तर सांगू नये; आधी थांबावे, मग चित्राकडे बोट दाखवावे, मग पायरी आठवून द्यावी, आणि अगदीच अडले तर करून दाखवावे. आधार द्यावयाचा तो कमीत कमी, आणि दिवसेंदिवस काढून घ्यावयाचा.

पाचवे, ज्या वस्त्यांत विहार आहे तेथे आठवड्यातून एक तास या मुलांसाठी ठेवावा. आपले शिकलेले तरुण-तरुणी इतर मुलांची शिकवणी घेतात, तशी यांचीही घ्यावी. लागणारे साहित्य म्हणजे चिंचोके, पुठ्ठा आणि खऱ्या नोटा-नाणी, एवढेच.

या मुलांतील प्रत्येक जण किती पुढे जाईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. कोणी दुकान सांभाळील, कोणी केवळ आपल्या खिशातील पैसे सांभाळील. पण वडिलांच्या पश्चात जेव्हा कोणी त्याच्यापुढे कागद सरकवील, तेव्हा "यात माझे किती?" एवढा प्रश्न त्यास विचारता आला पाहिजे. तो प्रश्न विचारण्याची ताकद त्याच्या अंगी आणणे हे पालकांचे, शाळेचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. आपल्या घरात असे मूल असेल, तर उद्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळी मूठभर चिंचोके घेऊन त्याच्या शेजारी बसा.